मोरीचं तेल आणि मेस्ताचा अंगठा

कसालच्या नाक्यावरचा बस्त्यांव मेस्त आल्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसे. गाडी येऊन थांबली की तो उकिडवा बसायचा, टायरवर अंगठा दाबायचा, तोच अंगठा नाकाशी नेऊन हुंगायचा आणि मग कुठे वर बघून "येवा" म्हणायचा. टायर-ट्यूब दुरुस्त करणारा माणूस, पण रुबाब असा, की जणू मी नव्हे, तोच डॉक्टर.

डॉक्टर मी होतो. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. मालवणात नवा दवाखाना, बुडाखाली जुनी विलायती मोटारसायकल आणि डोक्यात चिक्कार हवा. पहिल्याच भेटीत मेस्ताने मागच्या चाकावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दोतोर, तुमका राग लवकर येता."

"कशावरून हो?" मी तडकलोच.

"टायर एकाच जाग्यार झिजलो. तुमी ब्रेक करकचून मारतास." मग मान हलवून म्हणाला, "टायर कधी खोटा बोलणा नाय."

पुढची कित्येक वर्षं तो माझी अशीच नाडी बघत राहिला. हवा कमी असली तर टायर कडांनी झिजतो, जास्त झाली तर मधोमध. साखळी वाकडी बसली तर एका अंगाने. मागे बसवलेल्या माणसाचं वजनसुद्धा त्याला रबरावर दिसायचं. आमच्याकडचे रस्ते जांभ्याच्या खडीचे, किसणीसारखे खरखरीत, त्यामुळे नवा टायर दोन पावसाळे टिकला तरी आम्ही खूश. पण मेस्ताचा खरा वैरी खडी नव्हे, ऊन. "खडी वरसून खाता, ऊन भितरसून खाता," म्हणायचा. नाक्यावरच्या वडाखाली त्याची मांडणी होती. सूर्य फिरला की हाताशी असलेलं काम टाकून तो सगळे टायर उचलून सावलीकडे नेत असे. गिऱ्हाईक ताटकळत राहिलं तरी चालेल, टायर उन्हात राहता कामा नये.

तर अशा माणसाच्या पाठीमागे मी जो गाढवपणा केला तो ऐका. माझ्या मागच्या टायरला बारीक चिरा पडल्या होत्या. नवा टायर मुंबईहून यायला महिने लागत. दवाखान्यात आबा तांडेल नावाचा म्हातारा यायचा, मच्छीमार, जिवाला जीव देणारा. त्याच्या नातीला, पाच वर्षांच्या सुलीला, मी एकदा तापातून उठवलं होतं, तेव्हापासून मला काय देऊ नि काय नको असं त्याला व्हायचं. वैशाखात होड्या ओढून वर घेतल्या, त्यांना मोरीचं तेल चोपडायचं काम चाललं होतं. मोरी म्हणजे ती दातेरी मोठी मासळी, शार्क; तिच्या यकृताचं तेल आमच्याकडे होडीच्या लाकडात मुरवतात. आबा डबा घेऊनच आला. "डागदरानू, खाऱ्या वाऱ्यात होडी टिकता ती ह्येच्यार. तुमचो टायर टिकाचो नाय?"

मला पटलं! शिकलेल्या माणसाला! दर रविवारी मी चिंधीने टायर न्हाऊ घालू लागलो. चिरा मिटल्या, रबर काळंभोर चमकू लागलं. घाणेरडा वास सुटला होता, पण तोही मला औषधी वाटला. दोन-अडीच महिने कसालला गेलोच नाही, आणि मनातून म्हणत होतो, मेस्ताला एकदा दाखवूच.

आषाढ संपता संपता आबा सुलीला खांद्यावर टाकून धावत आला. घशात करडा पडदा, मान सुजलेली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. घटसर्प. त्यावरचं सीरम, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, माझ्याकडे नव्हतं. बेळगावला तार केली. दुसऱ्या दिवशी पहाटे उलट तार आली: सीरम गाडीने निघालं, पण आंबोलीच्या घाटात दरड कोसळल्यामुळे गाडी वर आंबोलीतच अडकली आहे. मोटार जाणार नव्हती, मोटारसायकल कदाचित गेली असती. सुलीला कंपाउंडरच्या हवाली केलं. आबा नुसता माझ्या गाडीची सीट हाताने पुसत राहिला. मी निघालो.

कसालला फक्त हवा भरायला थांबलो. मेस्त बसला, अंगठा दाबला. अंगठा आत रुतला. हुंगला. त्याचा चेहरा असा झाला की मी आजही विसरलो नाही.

"मोरीचा तेल?"

"हो. हवा भरा लवकर, मेस्त. आंबोलीला जायचंय. सुली मरतेय तिकडे!"

त्याने हवा भरली नाही. होती तीही हवा फुस्सकन सोडून दिली.

मी ओरडलो. नको नको ते बोललो. कॉलर धरली होती की काय, आता आठवत नाही; धरलीच असेल. लांबच्या खोलीत एक पोरगी श्वासासाठी झगडते आहे आणि हा म्हातारा माझा टायर काढतो आहे! मेस्त मान खाली घालून टायर उचकटायच्या कांबी घालत राहिला. टायर सुटला तेव्हा त्याने तो आतून उलटा करून माझ्यापुढे धरला. कडेला लिंबाएवढा फुगवटा, आतले धागे कुजून सुटे झालेले. बोटाने ओढले तर निघून आले.

"लाकूड तेल पिता, दोतोर. रबराक तेल खाता. तुमी चेडवाक वाचवूक चललास, की घाटात मरूक?"

मी खाली बसून चाक धरलं.

शेजारी कुणाची तरी मोटारसायकल साखळीच्या कामाला आली होती, माझ्याच मापाची, कोऱ्या टायरची. मेस्ताने क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग वडाकडे बघितलं, का ते मला तेव्हा कळलं नाही. तिचा मागचा टायर काढून त्याने माझ्या चाकावर चढवला. बोटं सोलवटली होती. "भिजलेल्या रबराक दगड बेगीन कापता. उतरताना गिअरात उतरा. ब्रेक दाबच्या आदी माझी आठवण काढा."

काढली. प्रत्येक वळणावर काढली. दरडीच्या चिखलातून गाडी ढकलत वर पोचलो, बर्फ घातलेला औषधाचा थर्मास गळ्यात बांधला आणि उतरलो. एका वळणावर समोर धोंडा आला आणि सवयीने पाय ब्रेककडे गेला. दाबला असता करकचून, तर थर्मासासकट दरीत. नाही दाबला. परतताना कसालला मेस्त रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी मला पुढे हाकलत होता, "थांबू नकात! टायर मागसून दिया!" दिवेलागणीला सुलीला इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी तिने पेज मागितली, तेव्हा आबा आणि मी दोघेही पडवीत लहान पोरांसारखे रडलो.

चाकावरून टायर उतरवून तो परत द्यायला एसटीने गेलो तर वडाखाली मेस्त सामान बांधत होता. "हंय टायरांक ऊन लागता," मला म्हणाला. "थंय फुडे सावली बरी आसा." मला खरंच वाटलं. वर मी थट्टाही केली, मेस्त, आता टायरांना पंखा घाला. त्याने सावंतवाडीहून एक जुना टायर मिळवला आणि स्वतः मालवणला येऊन बसवून दिला. मग कितीतरी महिने मला तिकडे जावं लागलं नाही.

गेलो ते चैत्रात, त्याच्या नव्या जागी. उघडा जांभ्याचा कातळ, झाड औषधालाही नाही. टायरांवर मेस्ताने स्वतःची गोधडी आणि भिजवलेली पोती पसरली होती आणि तो स्वतः टळटळीत उन्हात बसून ट्यूब घासत होता. मी तसाच मागे नाक्यावर गेलो, तिथल्या चहावाल्याने मला सांगितलं. ती कोरी गाडी कंत्राटदाराची होती आणि वडाखालची जागाही त्याचीच. त्याच संध्याकाळी तो गाडी न्यायला आला, चाक उघडं बघितलं आणि मेस्ताला जागेवरून उठवलं.

मी परत कातळावर गेलो. माझ्या एका मूर्खपणापायी या माणसाने सावली गमावली होती, आणि मला कळूही दिलं नव्हतं.

"मेस्त, तुमची ती बरी सावली कुठे आहे?"

त्याने मान वर केली नाही. माझ्या टायरवर अंगठा दाबला, हुंगला आणि खूश झाला. मग कातळाच्या कडेला, दगडांच्या आळ्यात उभ्या केलेल्या वीतभर रोपाकडे हात केला. "येतली. काजू लावलंय."

काजूला पहिला बोंडू धरला त्याच साली मेस्त गेला. त्याला पुरतं सावलीत बसायला काही मिळालं नाही. मी अजून त्या रस्त्याने जातो तेव्हा काम नसलं तरी गाडी त्या काजूखाली लावतो, दोन्ही टायर नीट सावलीत येतील अशी.