सुमित्राची फारसी आणि इराणचा गॅस

बार्शीची सुमित्रा झाडबुके दिल्लीला आली होती कलेक्टर व्हायला. परीक्षेत दोनदा आपटली. पण परत जायचं जिवावर आलं, म्हणून मुनिरका वस्तीतल्या खोलीत ठिय्या देऊन फारसी शिकायला लागली. तिचे वडील तात्यासाहेब हबकलेच. "फारसी? लग्नाच्या बायोडेटात काय लिहू?"

पण सत्त्याण्णव साली नशीब फळफळलं. इराणहून पाकिस्तानमार्गे गॅसची पाइपलाइन आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. नोएडातल्या एका कंपनीला त्यात हात मारायचा होता, त्यासाठी दुभाषी हवी होती. साहेब होते विष्णू तांबवेकर. "टेन्शन नको यार! गॅस आलाच समज," म्हणाले.

इराणी पाहुण्यांची बैठक ठरली रे ठरली की भारत-पाकिस्तानचं बिनसायचं. आधी दोघांनी अणुस्फोट केले. मग लाहोरला बस गेली, तांबवेकरांनी ऑफिसात जिलबी वाटली, आणि उन्हाळ्यात कारगिल पेटलं. सुमित्रा आपली पगार घेऊन शब्दकोश चाळत बसायची.

अखेर दोन हजार एकमध्ये पाहुणे आले. जेवताना तांबवेकरांनी भाषण ठोकलं, "ही पाइप म्हणजे शांततेची नाळ!" त्यावर एक इराणी इंजिनिअर फारसीत म्हणाला, "गॅस आमच्याकडे रग्गड आहे. पण ज्यांच्या अंगणातून आणायचा, त्यांच्याशी तुम्ही बोलता तरी का?"

"काय म्हणाले?" तांबवेकरांनी विचारलं.

"जेवण फार आवडलं म्हणतात."

त्या हिवाळ्यात संसदेवर हल्ला झाला, फौजा सरहद्दीला भिडल्या. कंपनीने पाइपचं गाठोडं बांधलं आणि तांबवेकर गुडगावच्या मॉलमधले गाळे विकायला लागले.

"दोन सरकारं एकमेकांशी बोलेनात, म्हणून मी मुकी बसू?" सुमित्रा फणफणली. पुढे काबूलचे रोगी, तेही फारसीच बोलणारे, दिल्लीत येऊ लागले, तेव्हा एका इस्पितळाने तिला ठेवून घेतलं. तिची इराणी वळणाची फारसी ऐकून ते खुदुखुदु हसायचे.

काबूलचे एक म्हातारबाबा पोट धरून आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "कुछ नहीं, गैस है."

सुमित्राला हसू आवरेना. बाबा रागावले, तेव्हा तिने सगळी रामकहाणी सांगितली.

"आमच्या देशातूनही एक गॅसची पाइप तुमच्याकडे यायची होती," बाबा म्हणाले.

"मग?"

"तिलाही पाकिस्तान ओलांडायचं होतं!"

दोघं हसून हसून लोळायचे बाकी राहिले. डॉक्टर गोंधळून बघत होते. सुमित्रा त्याच इस्पितळात टिकली, मयूर विहारात फ्लॅट घेतला. बार्शीत तात्यासाहेब तिला डॉक्टरीणबाई म्हणून मिरवतात. तीही त्यांना सुधारायच्या भानगडीत पडत नाही.