घाटघरची कबुली

मिरजेहून निघताना आमच्या भिशीतल्या बायकांनी मला बजावलं होतं, "जुन्नरकडे निघालीच आहेस तर शिवनेरी चढ, लेण्याद्री कर, ओझरचा गणपती कर, आणि आल्यावर सगळं नीट लिहून काढ." तर बायांनो, आधीच सांगून टाकते, यातलं मी काही म्हणजे काही केलेलं नाही. एसटीच्या खिडकीतून शिवनेरी दिसला, त्याला तिथूनच हात जोडले. लेण्याद्रीच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी परस्पर रद्द केल्या. तरी लिहिते आहे, कारण जे बघितलं ते पोटात ठेवून मला झोप लागेना.

पहिला मुक्काम कळंबला, माझ्या थोरल्या बहिणीकडे. पुणे-नाशिक रस्त्यावरचं मोठं गाव. ताईच्या घरामागे दाजींचा कांदा आणि ऊस, विहिरीला बारमाही पाणी. रविवार होता, ताईनं मासवडी केली होती (नावावर जाऊ नका, बेसनाची वडी असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर झणझणीत रस्सा). तिची मुलगी शुभदा जुन्नरला खोली घेऊन राहते आणि एका संस्थेत काम करते. ती त्या दिवशी घरी आली होती, आणि बापलेकीची जेवतानाच जुंपली.

भांडणाचं कारण असं. वनहक्काचा कायदा नुकताच आला होता. आदिवासी लोक पिढ्यान् पिढ्या जी जंगलजमीन कसतात, ती त्यांच्या नावे करून द्यायची, असा तो कायदा. शुभदा घाटघरसारख्या घाटावरच्या गावांतून लोकांचे दावे भरून घेत होती. दाजींना ते अजिबात पसंत नव्हतं.

"सुमन, तूच सांग," दाजी मला म्हणाले, "जंगल काय यांच्या एकट्याचं हाय का? यांनी झाडं तोडायची, रान जाळायचं, आन् सरकारनं वर बक्षीस म्हणून सातबारा द्यायचा?"

"बाबा, इंग्रजांनी नकाशावर रेघ मारली आणि त्यांची शेतं एका दिवसात सरकारी जंगल झाली," शुभदा म्हणाली. "शेत त्यांचंच होतं. चोर ठरले तेच."

"त्या चोरीची कबुली देतो का कुणी? एक गडी जरी म्हणाला ना, की व्हय, मी तोडलं, तर मी सोता घाटघरला येऊन त्याच्या पाया पडंन!"

ताईनं त्यांच्या ताटात रस्सा वाढला आणि विषय बुडवला. मी मनातून निम्मी दाजींच्या बाजूची होते. झाडं तोडलेली मला बघवत नाहीत. पण शुभदा म्हणाली, "मावशी, उद्या घाटघरला एका आजोबांच्या रानाची पाहणी आहे. तूच चल आणि बघ." मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नारायणगावमार्गे जुन्नरला आलो आणि घाटघरची एसटी धरली.

जुन्नर मागे पडलं की द्राक्षांचे मळे संपतात आणि माणिकडोहचं पाणी लागतं. उन्हाळ्यानं ते पार आत सरकलं होतं. पुढे चावंडचा किल्ला, मग जीवधन, आणि रस्ता असा काही खिळखिळा की माझी कंबर बोलायला लागली. गाडीत हिरडा विकून रिकामी पोती घेऊन परतणाऱ्या बायका हसत होत्या. (हिरडा औषधाला जातो. उन्हाळ्यात कोवळा हिरडा झोडपून, वाळवून विकणं हा इथल्या घरांचा मोठा आधार.) एकीनं मला पदरातली करवंदं दिली आणि म्हणाली, "खा, पावणं, कंबर इसरून जाशीला." खाल्ली. कंबर विसरले नाही, पण करवंदं फार गोड होती.

घाटघरला उतरले आणि पाचव्या मिनिटाला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तशीच पाय फरपटत देवराम आजोबांच्या घरी पोचले. ही महादेव कोळ्यांची वस्ती. शेणानं सारवलेलं अंगण, त्यात हिरडा वाळत घातलेला. हौसाबाई, म्हणजे देवराम आजोबांची बायको, तिनं माझी चप्पल न विचारता हातात घेतली आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून दिली. "आता मुंबैपस्तोर जा," म्हणाली. ती चप्पल मिरजेपर्यंत टिकली, हे तिला कुणीतरी कळवा.

आजोबा किडकिडीत, कमी बोलणारे. पाहुण्याकडे बघून नुसतं हसायचे. हौसाबाई दोघांचं मिळून एकटी बोलायची. मी कंबर टेकायला काही अंथरूण मिळतं का बघत होते. दाराशेजारी खुंटीला एक काळी घोंगडी घडी करून टांगलेली होती. तिला हात लावला, तशी हौसाबाई चटकन म्हणाली, "ती नगं बाई. ती म्हाताऱ्याची हाय." आणि तिनं चटई टाकली.

नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाताना तिनंच सांगितलं. देवराम लहान असताना त्यांच्या बापाला जंगलखात्याच्या माणसांनी पौषातल्या थंडीत रानातूनच धरून जुन्नरला नेलं होतं. गुन्हा काय, तर राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडल्या. (राब म्हणजे रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेणी पसरून करतात ती भाजणी. तिच्याशिवाय या मुरमाड उतारावर नाचणीचं रोप धरत नाही.) बापाच्या अंगावर लंगोटीशिवाय काही नव्हतं. तो परत आला तो ताप घेऊनच, आणि त्यातच गेला.

"तवापासून ह्यांनी दाराशी घोंगडी ठिवली," हौसाबाई म्हणाली. "म्हनत्यात, मला नेतील तवा मी गारठून मरनार न्हाई."

आजोबा भाकरी खात राहिले. आपल्याकडे दाराशी छत्री असते हो, फार तर चपला.

जेवणानंतर शुभदानं आजोबांची उजळणी घेतली. पाहणीला गावची समिती येणार, तलाठी येणार आणि जंगलखात्याचा गार्डही येणार. त्यांच्यासमोर आजोबांनी एवढंच म्हणायचं होतं, की हे रान मी कसतो, माझा बाप कसत होता. त्यांना दुसरी जमीन नाही. दावा फेटाळला तर तो उतार सरकारचाच राहणार आणि दोघं तिथे चोरच राहणार.

"आजोबा, काय म्हणायचं?"

"रान माजं हाय. माजा बा करत व्हता."

"आणि फांद्या कुणी तोडल्या विचारलं तर?"

"म्या तोडल्या."

"शाब्बास!" शुभदा खूश झाली.

दुपार कलताना आम्ही सगळे रानावर गेलो. चढ माझ्या मुळावरच आला होता, पण चप्पल टिकली. रान म्हणजे दीडेक एकराचा उतार, दगडांचे बांध घातलेला. बांधावर ऐनाची झाडं. त्यांच्याकडे बघून मी थबकले. दरवर्षी फांद्या छाटून छाटून खोडांना गाठी आल्या होत्या आणि प्रत्येक गाठीतून नवी फूट निघाली होती. झाडं जिवंत होती, चांगली हिरवीगार होती. काही ताज्या घावांवर वाळकी शेणमाती लिंपलेली दिसली. मला वाटलं, झाडावर काही औषधोपचार असेल.

"पांढरा घाव लांबून दिसतो ना, मावशी," शुभदा हळूच म्हणाली. "गार्डला दिसू नये म्हणून लिंपतात."

समितीची गावकरी मंडळी आली. भाऊसाहेब आले (तलाठ्याला इकडे भाऊसाहेब म्हणतात), गळ्यात रुमाल, घामानं डबडबलेले. त्यांच्यामागून गार्ड आला. तिशीतला पोरगा, अंगात खाकी. सगळे राबाच्या काळ्या राखेशेजारी उभे राहिले. देवराम आजोबा तर राखेतच उभे होते.

"आजोबा, हे रान तुम्हीच करता ना?" भाऊसाहेबांनी विचारलं.

आजोबांनी खाकीकडे बघितलं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"न्हाई साहेब."

शुभदाच्या तोंडून "अहो आजोबा!" एवढंच निघालं.

"मग कोण करतं?"

"काय म्हाईत. पडीक हाय."

"मग पायाखालची ही राख कसली?"

"वणवा लागला व्हता, साहेब."

"असा चौकोनी वणवा?" भाऊसाहेब हसले, समितीतले दोघंतिघंही हसले. मलाही हसू आलं असतं, पण आजोबांचे जोडलेले हात अजून खाली आले नव्हते. समितीचे अध्यक्ष त्यांच्या जवळ गेले, म्हणाले, "देवरामबुवा, आता नाय धरायचे. कायदा आपल्या बाजूचा हाय. बोला." आजोबा जमिनीकडे बघून पुन्हा म्हणाले, "माजं न्हाई. म्या कोयता लावला न्हाई."

तो गार्ड टोपी काढून लांब एका झाडामागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, कंटाळला. पण नंतर कळलं, तो आंबेगावकडचा, डिंभे धरणात गाव गेलेल्या महादेव कोळ्याचाच पोरगा होता. आपली खाकी आजोबांच्या डोळ्यांसमोरून हलावी म्हणून बिचारा बाजूला झाला होता. काही उपयोग झाला नाही. आजोबांना तो झाडाआडूनही दिसत होता.

भाऊसाहेबांनी पेन काढलं. माणूस वाईट नव्हता, पण वैतागला होता. "ताई, दावेदार स्वतःच नाही म्हणतोय. मी काय लिहू? दावा अमान्य, एवढंच लिहिता येतं मला."

शुभदाचे डोळे भरून आले. इतक्यात हौसाबाई पदर खोचून पुढे झाली. "लिवा! रान आमचं हाय. फांद्या म्या तोडल्या, राब म्या भाजला, शेणमाती म्या लिंपली. ह्यो म्हातारा भित्रा हाय. माजं नाव लिवा!"

आजोबांचा चेहरा असा पडला की मी तो विसरणार नाही. ते राखेतून धावत येऊन तिच्यापुढे उभे राहिले.

"साहेब, तिचं ऐकू नगा! येडी हाय ती! तिनं न्हाई केलं!"

"मग कुणी केलं, आजोबा?"

"म्या! म्या केलं सगळं. ह्यो ऐन म्या तोडला, त्यो पलीकडला बी म्याच. ह्या बांधाचं दगड माज्या बानं रचलं, त्याच्या माघारी म्या रचलं. दर सालाला राब भाजला. तिचा हात न्हाई त्यात. तिला नेऊ नगा, साहेब!"

भाऊसाहेब भराभर लिहीत होते. मी तोंडाला पदर लावला, कारण मला रडू आवरत नव्हतं, आणि मी उगाच रडणारी बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कायदा ज्याला हक्क म्हणत होता, त्याची त्या माणसानं गुन्हा म्हणून कबुली दिली होती. आणि तीही बायकोला सोडवायला.

लिहून झालं, समितीच्या सह्या झाल्या. मान वर करून बघते तर आजोबा जागेवर नाहीत. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. थोड्या वेळानं ते घराकडून चढ चढत येताना दिसले. वैशाखातलं ऊन, आमची अंगं भाजून निघालेली, आणि त्यांच्या खांद्यावर ती काळी घोंगडी. ते सरळ गार्डसमोर जाऊन उभे राहिले.

"चला," म्हणाले.

गार्डनं त्यांचा हात धरला. म्हणाला, "बाबा, कुठं न्यायचं न्हाई. ह्ये रान तुमचं, असं लिवलंय."

आजोबांनी ऐकून घेतलं. विश्वास बसल्यासारखं काही दिसलं नाही. हौसाबाई म्हणाली, "आता आनलीच हाय तर पावण्यास्नी बसाया टाका की ती." त्यांनी टाकली नाही. आम्ही उतार उतरून एसटीच्या रस्त्याला लागलो, तोवर ती त्यांच्या खांद्यावरच होती.

शुभदाला जुन्नरला सोडून मी अंधार पडल्यावर कळंबला पोचले. दाजी ओट्यावर वाट बघत बसले होते. "काय सुमन, केली का कुणी कबुली?"

"केली," मी म्हणाले.

"बघ! मी म्हनत नव्हतो?" त्यांनी मांडीवर थाप मारली. मग मी त्यांना सगळं सांगितलं, चौकोनी वणव्यापासून घोंगडीपर्यंत. ताईनं चहा आणून ठेवला, तो दाजींनी घेतलाच नाही. उठून ते विहिरीकडे निघून गेले. पाया पडायच्या शब्दाची मी त्यांना आठवण करून दिली नाही. तेवढी अक्कल मला आहे.

परतीच्या प्रवासात मी विचार करत होते. आपण इकडे चर्चा करतो, जंगल कुणी राखलं, कुणी तोडलं, कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये. दोन्ही बाजूंनी माणसं तावातावानं बोलतात, मीही बोलते. पण ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस खाकी बघून स्वतःच्याच रानाला परकं म्हणतो, हे आपल्या चर्चेत कुठेच बसत नाही. बापाकडून लेकाकडे आलेलं ते भय कुणी मोजत नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी दाजींचा फोन आला. दाजी मला कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरलेच.

"सुमन, त्या देवरामबाबाला रानाचा पट्टा मिळाला, सरकारी कागद. दोघांच्या नावानं. मी गेलो व्हतो काल शुभदाबरोबर."

"तुम्ही? घाटघरला?"

"शब्द दिला व्हता न्हवं. पाया पडलो. म्हातारा लई लाजला राव, मलाच उठवायला लागला." मग म्हणाले, "पट्टा पेटीत जपून ठेवलाय. पन घोंगडी अजून दाराशीच हाय गं. मी म्हनलं, बाबा, आता रान तुमचं, आता कशापायी ही?"

"मग काय म्हणाले?"

"म्हनाले, असू द्या पावणं. साहेब बदलत्यात."