बाबांच्या गाडीचा रंग

अपमान माझ्या बाबांचा झाला. गेल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, आतेबहिणीच्या लग्नात. कार्यालयाच्या दारात आतोबाच म्हणाले, "दादा, गाडी तेवढी मागच्या गल्लीत लावा. इथे व्हिडिओ चाललाय."

टपाचा रंग उडालेली ती गाडी. आतोबांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा हिच्यातूनच ते दवाखान्यात पोचले. त्या दिवशी कुणी रंग पाहिला नाही!

सोमवारी बाबा मुकाट्याने ती रंगाऱ्याकडे घेऊन निघाले. मीही गेले. रंगारी चाचांनी पत्रा वाजवून पाहिला. "काका, पावसासाठी रंग हवा असेल तर गंजलेल्या कडा करून देतो. पाहुण्यांसाठी हवा असेल तर सगळी गाडी रंगवावी लागेल. तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल."

मला आमची गल्ली आठवली. लग्न ठरलं की तिथे घराची रस्त्याकडची भिंत रंगते. मागची, जिथे बायका भांडी घासतात, ती पापुद्रे सोडत तशीच उभी असते. आपण रंग भिंतीला लावतच नाही, लोकांच्या नजरेला लावतो. आणि खर्च कुणी करायचा? ज्याचा अपमान झाला त्यानेच!

"बाबा, लाज आपल्याला कशाला?"

"झालं हिचं भाषण सुरू," बाबा हसले. मग चाचांना म्हणाले, "कडाच करा." पण बाबांचा हात कितीतरी वेळ टपावरून फिरत होता.

तुम्हीही कुणाला असं मागे सारलं असेल, तर आजच त्यांच्या घरी जा. फोन नको. समोर उभं राहून माफी मागा.