पाच पिल्लांच्या खाचा

उंब्रजच्या अंजनानं त्या आठवड्यात आमटीत दोनदा दुप्पट मीठ टाकलं आणि एकदा टाकलंच नाही. मानसिंगनं तिन्ही वेळा मुकाट खाल्लं. फौजेतलं जेवलेला माणूस, त्याला काय फरक. पण बायकोचा पाय एका जागी ठरत नाही, हे त्यालाही दिसत होतं.

कारण शेडात होतं. मेघालयातली नोकरी संपवून येताना मानसिंगनं डुकरं पाळायचं खूळ आणलं. भावकी आधी दारचं पाणी घेईना, मग उसाला खत मागायला तीच आली.

दोन वर्षांपासून डुकरांवर संशोधन करणारी मिरजेची ब्राह्मी यायची. पिल्लांच्या कानाचा कण घ्यायची, पाठीला यंत्र लावून मांसाची जाडी मोजायची, आणि डुक्कर कापलं की मांसाचा रंग बघायची, त्यातून किती पाणी झिरपतं ते लिहायची. काहींचं मांस फिकट, पचपचीत का होतं, तो गुण आईबापाकडून कसा उतरतो, याचा ती नकाशा करत होती. स्वतः जैनाची पोर, बटाटासुद्धा न खाणारी.

यंदा तांबडी या डुकरिणीच्या तीन पिल्लांचं मांस वाईट निघालं. दुसरी डुकरीण गौरी, तिची सगळी चांगली. नर दोघींना एकच, सुभेदार. मानसिंग हवालदार म्हणूनच घरी आला होता, तेव्हा निदान डुकराला तरी बढती दिली होती. दोष तांबडीचाच, असं त्यानं ठरवलं आणि तिला न्यायला सोमवारी खाटकाची गाडी बोलावली.

अंजनाला मात्र खरं ठाऊक होतं. दोघी एकाच दिवशी व्यायल्या. गौरीला पिल्लं चौदा, थानं बारा. तांबडीला पिल्लं सातच. अंजनानं गौरीची पाच पिल्लं तांबडीच्या पेंढ्यात लोळवून तिच्या कुशीला लावली. चौथ्या दिवशी कानाला ओळखीच्या खाचा पाडल्या, त्या जिचं दूध तिच्या नंबरानं. अंजनाला स्वतःला चुलतीनं पाजलेलं. आईचं नाव विचारलं की ती चुलतीचंच सांगायची. त्यात चूक ती काय?

वाईट निघालेली तिन्ही त्या पाचांतलीच होती.

सांगावं तर नवऱ्याची लाडकी गौरी गाडीत चढणार आणि ब्राह्मीची दोन वर्षं मातीत. गप्प बसावं तर तांबडी रोज दारातच हात हुंगायची.

शनिवारी तिनं कराडहून मिरजेची एसटी धरली. घरी दवाखान्याचं सांगितलं. मिरजेला जाणाऱ्याला कुणी जास्त विचारत नाही.

ब्राह्मीनं सगळं ऐकलं आणि ती खुर्चीत मागं टेकली.

"काकू, तपासणीत ती पाच आईशी जुळतच नव्हती. मला वाटलं, माझ्याच हातून नमुन्यांच्या बाटल्या बदलल्या. दोन महिने तेच काम परत परत करतेय."

"मग मला इचारायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही चुकाल असं वाटलंच नाही."

अंजनाला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग ब्राह्मीनं समजावलं. तो गुण आई आणि बाप, दोघांकडून आला तरच मांस बिघडतं. निम्मा गौरीचा, निम्मा सुभेदाराचा. गौरीला तपासलेला दुसरा नर दाखवला तर पिल्लांचं मांस बिघडणार नाही.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठून शेडात सुभेदाराजवळ जाऊन बसला. सोमवारी गाडी आली. मानसिंगनं स्वतः दोर धरून सुभेदाराला वर चढवलं.

"रिटायर झालास गड्या," एवढंच म्हणाला.

आता डुकरीण व्यायला लागली की अंजना चिमटा घेऊनच बसते. पिल्लू पुसायच्या आधी कानाला आईच्या नंबराची खाच, कुणाच्या दुधाला लावायचं ते मागनं. तरी दिवसातून तीनदा जाऊन सगळ्यांचे कान बघून येते.