आजींचं घरचं मत

लासुर्ण्यात मी शाळेत शिकवते आणि मतदार यादीचं कामही माझ्याकडेच आहे. शाळेच्या वाटेवर एका आजींचं घर. नव्वदीला टेकलेल्या, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. मला पाहिलं की हाक मारायच्या, "जेवलीस का गं बाई?" भल्या सकाळीही तेच. पण त्यांना काही विचारलं की आधी लेकाच्या तोंडाकडे बघायच्या आणि उत्तर तोच द्यायचा. मला ते खटकायचं, पण परक्या घरात बोलणार काय?

घरूनच करायच्या टपाली मतदानाचा अर्ज भरायला गेले तेव्हाही तोच म्हणाला, "भरा की. कुणाला द्यायचं ते मी सांगतो तिला."

आजींनी अंगठा उठवला आणि हळूच विचारलं, "घरी दिल्यालं मत कोन बगतं का गं?"

"कुणी नाही, आजी."

पुढं मतदानाची माणसं घरी आली, तेव्हा मीही सोबत होते. त्यांनी खाटेपाशी पुठ्ठ्याचा आडोसा लावला. लेक उशाशी येऊन बसला.

"तू भाईर जा," आजी म्हणाल्या.

"आगं, तुला नीट दिसत न्हाय."

"दिसतंय मला. जा म्हनते न्हवं?"

साठीचा माणूस, गावात शब्दाला मान असलेला. आमच्यासमोर कानकोंडा झाला, पण उठून ओट्यावर गेला. आजींनी मुळीच घाई केली नाही. मत देऊन झाल्यावर त्यांनी लिफाफा स्वतः चिकटवला आणि तळहातानं दाबून धरला.

लेक आत येताच म्हणाला, "कुणाला दिलंस गं आये?"

"डिंक लागला आता त्याला," आजी म्हणाल्या. "समद्यांस्नी च्या टाकायला सांग."