भास्करचा पत्रा

रविवारी समुद्रपूरला माझ्या मोठ्या भावाची, भास्करची तेरवी झाली. पंगती उठल्यावर मंडळी अंगणात सुपारी कातरत बसली, जुन्या गोष्टी निघाल्या... आणि आमच्या चुलतभावाने, मधुदादाने, हसत हसत एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून माझा राग जात नाही.

मी फार बोलणारी नाही. इथे सोशल मीडियावरही वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे कधी काही लिहिलं नाही. पण हे लिहिणार आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भास्करने भंगारात निघालेली एक मोटार आणून चालती केली होती. हिवाळ्यात बैलांच्या शर्यतीचा पट झाला की आमच्याकडचे हौशी लोक तलावाभोवतीच्या कच्च्या रस्त्यावर गाड्यांची शर्यत लावायचे. एका ठेकेदाराची जीप दरवेळी जिंकायची, आणि सगळे एकच सांगायचे... इंजिन मोठं पाहिजे.

भास्करला ते पटत नसे. "जनावर कितीबी तगडं असू दे, खुरानं जमीन तं धरली पायजे ना," म्हणायचा. काळ्या मातीच्या धुळीत त्याची मागची चाकं जागीच फिरायची. आधी त्याने डिकीत सरकीची पोती टाकून पाहिली. सरळ रस्त्यावर पकड आली, पण वळणावर तेच वजन गाडीची मागची बाजू बाहेर ओढायचं.

मग एकदा आम्ही दोघं एसटीने वर्ध्याला चाललो होतो. त्याने हात खिडकीबाहेर काढून पंजा आडवा धरला आणि अंगठ्याची, म्हणजे पुढची, बाजू जराशी खाली केली... वाऱ्याने हात खाली दाबला. ती बाजू वर केली, तर हात वर उडाला. कंडक्टर ओरडला तरी हा हात आत घेईना. "वजन न टाकता दाब," एवढंच मला म्हणाला, आणि उतरेपर्यंत हात वरखाली करत राहिला.

आजच्या रेसच्या गाड्यांना मागे आडवा पंख असतो, त्याचं काम हेच. जुन्या गाड्यांत ताकद अफाट असायची, पण वळणावर त्या घसरायच्या. आता वाराच गाडीला जमिनीवर दाबून धरतो, म्हणून ती ताकद चाकांच्या कामी येते. बाहेरच्या जगाला हे तेव्हाही माहीत होतं. भास्करला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने गाडीच्या मागे दोन पायांवर एक पत्रा बसवला... पुढची कड जराशी खाली, मागची वर. गाव हसलं. "काय बे, गाडीवर गोठा बांधून राह्यला काय?" पण शर्यतीच्या आधी तलावाच्या वळणावरून त्याने मला बसवून गाडी नेली, तेव्हा ती रस्त्याला चिकटल्यासारखी गेली. मी शेजारी होते. मला माहीत आहे.

शर्यतीच्या दिवशी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून बघत होते. भास्कर जीपच्या पुढे होता. त्याच वळणावर मागची चाकं उचलल्यासारखी सुटली आणि गाडी पलटत खाली गेली.

मांडीचं हाड मोडलं. एक पाय कायमचा आखूड राहिला. बाबांनी गाडी परत भंगारात दिली, पत्रा तर चुरगळूनच गेला होता. मद्रासकडे मोठ्या शर्यती होतात, तिथे एकदा जायचं हे त्याच्या मनात होतं, ते संपलं. गावाने त्याचं नाव ठेवलं... पत्र्या.

पुढे टीव्ही आला. रेस लागली की भास्कर त्या पंखांकडे बघत बसायचा. "त्याईचं जमते. माह्यंच कसं चुकलं?" मधुदादा बाजूलाच बसून चहा प्यायचा.

आणि रविवारी तोच मधुदादा अंगणात सांगत होता, "अरे, त्यानं पत्रा उलटा ठोकला होता! छपराचा उतार कोनी घराकडं ठेवते काय? पानी सारं काचेवर आलं असतं. मीच शर्यतीच्या सकाळी त्याले न सांगता पाना घेऊन उतार मागं केला, तरी बी पडला लेकाचा!"

सगळे हसले. मी उठून आत गेले.

संध्याकाळी त्याला वर्ध्याजवळ पिपरी मेघेला सोडायचं माझ्याकडेच आलं, मी तिथेच जवळ सिंदी मेघेला राहते म्हणून. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला आणि म्हणाले, "दादा, हात बाहेर काढ."

"काऊन?"

"काढ. पंजा आडवा धर. आता अंगठ्याची बाजू खाली कर."

हात दारावर दाबला गेला. मग वर करायला सांगितली. हात उडाला. त्याने तो आत घेतला आणि मांडीवर ठेवून बघत बसला.

"म्हन्जे तो बराबर होता?"

"हो."

"मले काय मालूम बापा..."

"माहीत नव्हतं, ठीक आहे. पण मग नंतर इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तो खुदच म्हने, माह्यं चुकलं. मंग मी काऊन बोलू?"

गाडी मला भास्करनेच शिकवली... वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. रागातही सगळी वळणं मी तशीच घेतली. मधुदादाला दारात उतरवलं. तो चहाला ये म्हणाला, मी थांबले नाही.

घरी येऊन फोन पाहिला, तर नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी भास्करच्या तेरवीचा फोटो टाकला होता... "आपला पत्र्या गेला." खाली हात जोडलेले.

ज्याला हे सांगायला हवं होतं तो आता नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. ते नाव आता पुरे. त्याला भास्कर म्हणा. त्याचं काहीही चुकलं नव्हतं.