अक्कांचं उंच कुंपण

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या शेजारी एक अक्का राहतात. तमिळ हेल काढून मराठी बोलतात आणि दर वाक्याला "नव्हे का?" विचारतात. त्यांचा पन्नाशीचा भाऊ मनाने लहानच राहिला. कुंपण चढून तो एकदा थेट कालव्यापर्यंत गेला, तेव्हा अक्कांनी नियमापेक्षा उंच कुंपणासाठी महापालिकेत परवानगी मागितली.

पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "भिंतच घाला. काळजी मिटेल."

"भिंत घातली तर रस्ता दिसणार नाही. मग दिवसभर तो बघेल काय? जाळी हवी, नव्हे का?"

साहेबांनी उंच जाळी मंजूर केली.

आता संध्याकाळी भाऊ जाळीला धरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो. कुणी न थांबता पुढे गेलं, तर अक्का त्याला नावानिशी परत बोलावतात.